ओळख पटते तेव्हा मेंदूत काय होतं: रेकग्निशन मेमरी आणि मेंदूची रेकॉर्डिंग्ज, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेकग्निशन मेमरी म्हणजे नक्की काय, साधी आठवणच ना?

आठवणच, पण तिचा एक खास प्रकार. समोर काहीतरी आलंय, चेहरा असेल, शब्द असेल, फोटो असेल, आणि तुम्हाला एवढंच ठरवायचंय की हे आधी पाहिलंय की नाही. स्वतःहून आठवून काढायचं नसतं, गोष्ट समोरच असते. म्हणूनच कालच्या यादीतले शब्द सांगा म्हटलं की माणूस आठ-दहा शब्दांवर अडतो, पण तेच शब्द नव्या शब्दांत मिसळून दाखवले की पटापट ओळखतो.

ही क्षमता अफाट आहे. १९७३ मध्ये लायोनेल स्टँडिंगने लोकांना १०,००० पर्यंत चित्रं एकेकदाच दाखवली, आणि नंतर जुनं-नवं अशी जोडी समोर ठेवल्यावर लोक साधारण ८३ टक्के वेळा बरोबर निवडत होते. २००८ मध्ये टिमथी ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २,५०० वस्तूंचे फोटो दाखवले, त्यात तर तीच वस्तू पण जरा वेगळ्या स्थितीत अशी जोडी दिली तरी ८७ टक्के उत्तरं बरोबर आली. म्हणजे नुसता ढोबळ अंदाज नव्हे, बारीकसारीक तपशीलसुद्धा टिकतात.

बटण दाबून उत्तर मिळतंच की, मग डोक्याला तारा कशाला लावायच्या?

कारण बटण शेवटचा निकाल सांगतं, मधलं काही सांगत नाही. दोन माणसं एकाच चेहऱ्याला "जुना" म्हणतात. एकाला तो चेहरा कुठे पाहिला, कधी, शेजारी काय होतं सगळं आठवतंय. दुसऱ्याला फक्त "ह्याला कुठेतरी पाहिलंय बुवा" एवढंच वाटतंय, पुढे काही नाही. बटण एकच, पण आतला अनुभव वेगळा. पहिल्याला रेकलेक्शन म्हणतात, दुसऱ्याला फॅमिलिअ‍ॅरिटी, मी खाली "नेमकं आठवणं" आणि "ओळखीचं वाटणं" असं लिहिते. जॉर्ज मँडलरने १९८० मध्ये हा फरक मांडताना बसमध्ये दिसलेल्या खाटकाचं उदाहरण दिलं होतं, चेहरा पक्का ओळखीचा पण दुकानाबाहेर दिसल्यामुळे कोण ते सुचत नाही.

१९८५ मध्ये एंडेल टल्व्हिंगने यावर सोपा उपाय काढला, सरळ लोकांनाच विचारायचं: तुम्हाला आठवतंय, की नुसतं माहीत आहे? पद्धत आजही वापरतात आणि उपयोगी आहे, पण ती माणसाच्या स्वतःबद्दलच्या सांगण्यावर उभी आहे. मेंदूचं रेकॉर्डिंग जोडीला असलं की तपासता येतं की या दोन उत्तरांच्या मागे खरंच दोन वेगळ्या घडामोडी आहेत का, आणि त्या कधी होतात.

प्रयोग प्रत्यक्षात कसा असतो?

दोन टप्पे. आधी स्टडी फेज, म्हणजे स्क्रीनवर एकेक शब्द किंवा चित्र येतं आणि तुम्ही त्यावर काहीतरी छोटं काम करता, जसं ही वस्तू जिवंत आहे का निर्जीव. मग थोडी गॅप. मग टेस्ट फेज, ज्यात जुन्या गोष्टींमध्ये नव्या मिसळलेल्या असतात आणि प्रत्येक वेळी "जुनं" किंवा "नवं" सांगायचं असतं, कधीकधी किती खात्री आहे तेही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि लोक ती पटकन वाचून पुढे जातात. एका पार्टिसिपंटसाठी जे शब्द जुने असतात ते दुसऱ्यासाठी नवे ठेवतात. असं आलटून पालटून केलं की "जुने" आणि "नवे" या दोन गटांत शब्द तेच राहतात, लांबी तीच, अर्थ तोच, फक्त तुम्ही ते पाहिले होते की नाही एवढाच फरक उरतो. मग मेंदूच्या सिग्नलमध्ये जो फरक दिसेल तो आठवणीमुळे आहे असं म्हणायला आधार मिळतो. हे केलं नाही तर मशीन कितीही भारी असू द्या, रेकॉर्डिंग कसलं केलं हेच कळत नाही. माझं तर ठाम मत आहे की या विषयातला कुठलाही पेपर हातात आला की आधी ग्राफ न बघता टास्क कसा बनवलाय ते वाचावं.

ईईजीची कॅप लावताना काय करतात, दुखतं का?

ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड (धातूच्या छोट्या चकत्या) लावून मेंदूचे विजेचे सिग्नल टिपणं. दुखत नाही, वेळ मात्र लागतो. आधी टेपने डोकं मोजतात, नाकाच्या वरच्या खळगीपासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत, मग कानापासून कानापर्यंत, जिथे दोन्ही मध्य जुळतात तिथे कॅपचा मधला इलेक्ट्रोड यायला हवा. मग बोथट टोकाच्या सिरिंजने प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल सोडतात आणि केस हळूच बाजूला करतात, जेल थंड लागतं आणि थोडं खाजल्यासारखं होतं. ३२ किंवा ६४ इलेक्ट्रोड असतील तर एकेकाचा कॉन्टॅक्ट नीट होईपर्यंत हे चालू राहतं. म्हणूनच येताना केस धुवून, तेल किंवा कंडिशनर न लावता या असं सांगतात.

सगळं लागलं की मी पार्टिसिपंटला त्याचाच लाइव्ह सिग्नल दाखवते. आता डोळे मिचकावा म्हटलं की पुढच्या चॅनलमध्ये, म्हणजे कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडच्या रेषेत, मोठ्ठा डोंगर उठतो, दात आवळा म्हटलं की सगळ्या रेषा काळ्याकुट्ट होतात. हे बघितलं की "हलू नका" असं वेगळं सांगावं लागत नाही, माणूस आपोआप स्थिर बसतो. आणि हो, ईईजी फक्त ऐकतं, मेंदूत काही सोडत नाही. हान्स बर्गरने जर्मनीतल्या येना शहरात १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये तो छापला, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे, डोक्याच्या कातडीवरचा व्होल्टेजचा फरक मोजायचा.

एकदा शब्द दाखवला की लगेच ग्राफवर कळतं का, हा ओळखला म्हणून?

नाही. आपल्याला हवा असलेला फरक असतो काही मायक्रोव्होल्टचा आणि मेंदूची चालू असलेली बाकीची लय त्याच्या कितीतरी पट मोठी असते, डोळ्याची मिचकी तर शंभर मायक्रोव्होल्टच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून एकाच प्रकारच्या बऱ्याच ट्रायल्स (एक शब्द दाखवून एक उत्तर घेतलं की एक ट्रायल) घेऊन, शब्द स्क्रीनवर आला तो क्षण शून्य धरून, सगळ्यांचं अ‍ॅव्हरेज काढतात. शब्दाशी संबंध नसलेली हालचाल कधी वर कधी खाली असते त्यामुळे ती कटते, आणि शब्दाशी बांधलेली उरते. जे उरतं त्याला ईआरपी म्हणतात. नॉइज कमी होतो तो ट्रायल्सच्या वर्गमुळाच्या हिशोबाने, म्हणजे नॉइज निम्मा करायचा तर ट्रायल्स चौपट लागतात. टेस्ट कंटाळवाणी आणि लांब का असते याचं उत्तर हेच.

यातली अडचण अशी की उत्तरांचे गट पार्टिसिपंटच्या हातात असतात. जुनं जुनं म्हणून ओळखलं तर हिट, नव्याला जुनं म्हटलं तर फॉल्स अलार्म. एखाद्याची मेमरी इतकी चांगली निघते की फॉल्स अलार्म पाच-सहाच येतात, मग त्यांचं अ‍ॅव्हरेज काढण्यात अर्थच राहत नाही. टास्क फार सोपा करून चालत नाही आणि फार अवघडही, हे जमवायला आधी पायलट, म्हणजे छोटा चाचणी प्रयोग, करावाच लागतो.

मग त्या अ‍ॅव्हरेजमध्ये दिसतं तरी काय?

ओळखलेल्या जुन्या गोष्टींची रेषा नव्यांपेक्षा जास्त पॉझिटिव्ह जाते, याला ओल्ड-न्यू इफेक्ट म्हणतात. बारकाईने बघितलं की त्यात दोन भाग दिसतात. पहिला साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांमध्ये, कपाळाच्या वर मधल्या भागात. दुसरा साधारण ५०० ते ८०० मिलिसेकंदांमध्ये, डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात, बहुतेक वेळा डावीकडे जास्त. पहिल्याला एफएन४०० म्हणतात आणि तो ओळखीचं वाटण्याशी जोडला जातो, दुसरा पॅरायटल इफेक्ट, तो नेमकं आठवण्याशी.

हे कशावरून? टिम करनचा २००० सालचा प्रयोग मला फार आवडतो कारण तो साधा आहे. यादीत "ट्रक" असा इंग्रजी शब्द दाखवला आणि टेस्टमध्ये काही वेळा तोच, काही वेळा त्याचं अनेकवचन "ट्रक्स", आणि काही वेळा पूर्ण नवा शब्द दाखवला. अनेकवचनवाला शब्द ओळखीचा तर वाटणार, पण तो यादीत नव्हता हे कळायला नेमकं आठवावं लागतं. पहिल्या, कपाळाकडच्या इफेक्टमध्ये खरा जुना शब्द आणि त्याचा जुळा सारखेच वागले, दोघंही नव्यापेक्षा वेगळे. मागच्या, उशिरा येणाऱ्या इफेक्टमध्ये मात्र खरा जुना शब्द जुळ्यापासून वेगळा पडला. एकाच टेस्टमध्ये दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या झाल्या.

त्याआधी १९९६ मध्ये विल्डिंग आणि रग यांनी दाखवलं होतं की शब्द कुठल्या आवाजात ऐकला तेही बरोबर सांगता आलं, तर हा उशिराचा पॅरायटल इफेक्ट मोठा असतो. तेही याच चित्रात बसतं.

म्हणजे सिद्ध झालं ना, दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत?

बरेच संशोधक तसं मानतात, पण वाद जिवंत आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

एक बाजू म्हणते की मेमरीची ताकद ही एकच गोष्ट आहे, कमी असली की "ओळखीचं वाटतं", जास्त असली की "आठवतं" असं आपण म्हणतो, एवढंच. जॉन विक्स्टेड आणि लॅरी स्क्वायर यांनी हा आक्षेप जोरात मांडला आहे की प्रयोगांमध्ये बऱ्याचदा नेमकं आठवणं म्हणजे जास्त खात्री आणि ओळखीचं वाटणं म्हणजे कमी खात्री असं होऊन बसतं, आणि मग मेंदूतला फरक खात्रीचा आहे की प्रकाराचा हे वेगळं काढता येत नाही. आक्षेप योग्य आहे. म्हणूनच टेस्टमध्ये खात्री विचारणं आणि सारख्या खात्रीच्याच उत्तरांची तुलना करणं आवश्यक असतं.

दुसऱ्या बाजूला पेशंट आहेत. जॉन या नावाने ओळखला जाणारा एक पेशंट, ज्याच्या हिप्पोकॅम्पसला (घटना लक्षात ठेवणाऱ्या, मेंदूच्या आतल्या भागाला) अगदी लहानपणीच इजा झाली. रोजच्या घटना त्याला लक्षात राहत नाहीत, पण ओळखण्याच्या टेस्टमध्ये तो बऱ्यापैकी चांगला. २००१ मध्ये एम्राह ड्युझेल, फरानेह वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी त्याचा ईआरपी घेतला, तर ओळखीचं वाटण्याशी जोडलेला आधीचा इफेक्ट होता आणि नंतरचा गायब. मग २००७ मध्ये उलटी केस छापून आली, एन. बी. नावाची पेशंट, फिट्ससाठी केलेल्या ऑपरेशनमध्ये टेम्पोरल लोबचा (कानाच्या बाजूच्या मेंदूचा) पुढचा भाग काढला होता पण हिप्पोकॅम्पस शाबूत ठेवला होता, आणि तिला नेमकं आठवणं जमत होतं पण ओळखीचं वाटणं बिघडलं होतं. एकाच ताकदीची कमी-जास्त पातळी एवढ्यावर ही जोडी समजावणं अवघड जातं. माझा कल त्यामुळे दोन प्रक्रियांकडे आहे.

एफएन४०० खरंच "ओळखीचं वाटणं" आहे का? कुठेतरी वाचलं की तो अर्थाशी संबंधित आहे.

बरोबर वाचलंत. केन पॅलर आणि जोएल व्हॉस यांचं म्हणणं असं की एखादी अर्थपूर्ण गोष्ट दुसऱ्यांदा आली की तिचा अर्थ मेंदूला पटकन लागतो, याला कन्सेप्च्युअल प्रायमिंग म्हणतात, आणि हे मेमरीची जाणीव नसतानाही होतं. १९८० मध्ये कुटास आणि हिलयार्ड यांनी वाक्यात न बसणाऱ्या शब्दावर दिसणारा एन४०० हा ईआरपीतला इफेक्ट शोधला होता, एफएन४०० कदाचित त्याच कुटुंबातला आहे असं हे म्हणतात. दोन्ही बाजूंनी प्रयोग झालेत, अर्थ नसलेल्या आकृत्यांवर वगैरे, आणि निकाल एकाच दिशेने जात नाहीत. त्यामुळे ग्राफमध्ये ४०० च्या आसपास फरक दिसला म्हणून "इथे फॅमिलिअ‍ॅरिटी आहे" असं लिहून मोकळं होऊ नका. टास्कने फॅमिलिअ‍ॅरिटी वेगळी काढली असेल तरच ते म्हणता येतं.

एखादी गोष्ट पुढे लक्षात राहणार की नाही हे आधीच दिसतं का?

हो, अ‍ॅव्हरेजमध्ये दिसतं. स्टडी फेजमध्येच रेकॉर्डिंग करायचं, मग टेस्टनंतर मागे जाऊन ट्रायल्सचे दोन गट करायचे, पुढे ओळखले गेलेले आणि विसरलेले. पॅलर, कुटास आणि मेझ यांनी १९८७ मध्ये हा फरक ईआरपीत दाखवला. १९९८ मध्ये एफएमआरआयनेही (रक्तातल्या ऑक्सिजनवरून मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅननेही) तेच झालं, सायन्स या जर्नलच्या एकाच अंकात दोन पेपर आले, एक शब्दांवर आणि एक फोटोंवर. मेंदूचा कपाळामागचा भाग आणि टेम्पोरल लोबचा आतला भाग पाहतानाच जास्त काम करत असेल तर ती गोष्ट टिकण्याची शक्यता वाढते.

एफएमआरआय असताना ईईजी का वापरतात?

वेळेसाठी. एफएमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतं आणि तो बदल शिखरावर पोचायला पाचेक सेकंद जातात, ओळख पटण्याचा सगळा खेळ तोवर संपलेला असतो. ईईजी मिलिसेकंदांचा हिशोब देतं पण सिग्नल मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून आला हे धूसर राहतं, आणि हिप्पोकॅम्पससारख्या खोल भागातलं तर बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे जागा एफएमआरआयकडून घ्यायची: हिप्पोकॅम्पस नेमकं आठवण्यात, त्याच्या शेजारचा पेरिरायनल कॉर्टेक्स ओळखीचं वाटण्यात, असं चित्र बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलंय. एमईजी (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं तंत्र) मधे कुठेतरी बसतं, वेळ अचूक, जागा ईईजीपेक्षा बरी, पण मशीन महाग आणि मोजक्याच ठिकाणी.

थेट मेंदूच्या पेशींचं रेकॉर्डिंग माणसात होतं का?

होतं, पण संशोधनासाठी म्हणून कुणाच्या डोक्यात तार घालत नाहीत. ज्यांच्या फिट्स औषधांनी थांबत नाहीत अशा काही पेशंटमध्ये फिट कुठून सुरू होते ते शोधायला डॉक्टर इलेक्ट्रोड बसवतात, काही दिवस ते तिथेच असतात, आणि त्या काळात पेशंटची संमती असेल तर मेमरीचे टास्क करून घेतात. २००६ मध्ये उएली रुटिशाउझर आणि सहकाऱ्यांनी अशा पेशंटमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या अमिग्डाला या भागातल्या पेशी पाहिल्या. काही पेशी चित्र नवं असताना जास्त फायर करत होत्या, म्हणजे जास्त सिग्नल सोडत होत्या, काही जुनं असताना, आणि हा बदल चित्र फक्त एकदाच बघून झाला होता. दुखण्याच्या त्या दिवसांत, हॉस्पिटलच्या पलंगावर बसून, ही माणसं तासभर चित्रं ओळखत बसतात. या विषयातली सगळ्यात मौल्यवान माहिती त्यांच्यामुळे मिळालीये, हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

देजा वू पण हेच का?

जवळचं नातं आहे. २००४ मध्ये फॅब्रिस बार्टोलोमेई आणि सहकाऱ्यांनी फिट्सच्या पेशंटमध्ये हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या रायनल भागांना हलका करंट दिला, आणि एन्टोरायनल कॉर्टेक्सला दिल्यावर देजा वू जास्त वेळा आलं. ओळखीचं वाटतंय पण मागे आठवण काहीच नाही, असा अनुभव.

आपण चुकून "पाहिलंय" म्हणतो तेव्हा मेंदूला खरं माहीत असतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर बऱ्याच लोकांना आवडत नाही. २०१० मध्ये जेसी रिसमन, हँक ग्रीली आणि अँथनी वॅग्नर यांनी लोकांना चेहरे दाखवले, मग एफएमआरआयमध्ये टेस्ट घेतली आणि कॉम्प्युटरला मेंदूच्या पॅटर्नवरून शिकवलं. माणसाला चेहरा जुना वाटतोय की नवा हे कॉम्प्युटर चांगलं सांगत होता. पण माणसाचा अनुभव सारखा असताना तो चेहरा प्रत्यक्षात जुना होता की नवा, हे विचारलं तर फारसं सांगता येत नव्हतं. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये दिसतो तो माणसाचा विश्वास. घडलेल्या घटनेची टेप आत कुठे फिरत नसते.

मग गुन्ह्याच्या तपासात हे वापरतात ते कसं काय?

१९९१ मध्ये लॉरेन्स फार्वेल आणि इमॅन्युएल डोन्चिन यांनी पी३०० (ईआरपीतली एक पॉझिटिव्ह लाट) वापरून एक टेस्ट दाखवली. गुन्ह्याशी संबंधित तपशील बाकीच्या फालतू तपशिलांमध्ये मधूनमधून दाखवायचे आणि ते माणसाला ओळखीचे असतील तर पी३०० मोठा येतो. लॅबमध्ये हे चालतं. पण पी३०० ही काही ओळखीची खास खूण नाही, जे काही दुर्मिळ आणि महत्त्वाचं वाटेल त्याला तो येतो. तपशील बातम्यांमधून कळलेला असला तरी येईल. २००४ मध्ये पीटर रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फालतू तपशील आले की मनात काहीतरी गुपचूप करत राहायचं, बोट हलकेच दाबायचं, एवढ्यावरही टेस्ट फसते. एफएमआरआयचंही तेच, २०१५ च्या एका अभ्यासात लोकांना मेमरी लपवायला सांगितल्यावर कॉम्प्युटरचं उत्तर निव्वळ अंदाजावर आलं.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. मला हा निर्णय विज्ञानाच्या अंगानेही बरोबर वाटतो. साठ ट्रायल्सचं अ‍ॅव्हरेज काढून जे सांगताना आम्ही दहा वेळा विचार करतो त्यावर कुणाची शिक्षा ठरू नये.

वय झालं की काय बदलतं?

नेमकं आठवणं उतरतं, ओळखीचं वाटणं त्यामानाने टिकतं. म्हणून वयस्कर माणूस चेहरा ओळखतो पण कुठे भेटलो ते सांगता येत नाही, आणि ईआरपीमध्येही पॅरायटल इफेक्ट बऱ्याचदा लहान झालेला दिसतो. याचा अर्थ आजार असा नाही.

मग अल्झायमरसाठी अशी टेस्ट करून घेता येईल?

एका माणसाच्या ईआरपीवरून निदान करण्याची ही टेस्ट नाही. अल्झायमरमध्ये पेरिरायनल आणि एन्टोरायनल भाग लवकर बाधित होतात, त्यामुळे संशोधनाला या विषयात खूप रस आहे, पण गटांमधला फरक वेगळा आणि तुमच्या आईवडिलांचा रिपोर्ट वेगळा. काळजी वाटत असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

घरी वापरायच्या ईईजी हेडबँडवर हा इफेक्ट बघता येईल का?

बहुतेक हेडबँडचे इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे असतात, पॅरायटल इफेक्ट डोक्याच्या वर-मागे असतो. शिवाय शब्द स्क्रीनवर नेमका कुठल्या मिलिसेकंदाला आला याची खूण सिग्नलमध्ये पक्की हवी, ब्लूटूथवर ती मागेपुढे सरकली तर अ‍ॅव्हरेज पुसट होतं. शिकायला, अल्फा लय बघायला ठीक आहे.

मला कॉलेज प्रोजेक्ट करायचाय, मशीन नाही. काय करू?

उघड उपलब्ध असलेला डेटा घ्या. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मायकल कहाना यांच्या लॅबने मेमरीच्या प्रयोगांचा मोठा ईईजी डेटा खुला ठेवलाय. सॉफ्टवेअर फुकट आहे, एमएनई-पायथन किंवा ईईजीलॅब. सुरुवातीला एकाच पार्टिसिपंटचा डेटा उघडा आणि काहीही फिल्टर न लावता अर्धा तास नुसता स्क्रोल करत बघा, मिचकी कशी दिसते, मानेचा स्नायू कसा दिसतो, इलेक्ट्रोड सुटला की काय होतं. मग हलका फिल्टर, मिचक्या काढायला आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करण्याची गणिती पद्धत), शब्दाच्या आधीचे २०० मिलिसेकंद बेसलाइन, म्हणजे तुलनेची शून्य पातळी, आणि हिट विरुद्ध बरोबर नाकारलेले नवे शब्द अशी एकच तुलना. कुठला इलेक्ट्रोड आणि कुठली वेळ बघणार हे ग्राफ उघडण्याआधी कागदावर लिहून ठेवा, कारण ६४ चॅनल आणि शेकडो वेळा असल्या की शोधणाऱ्याला कुठे ना कुठे फरक सापडतोच. आणि एका पार्टिसिपंटमध्ये काही दिसलं नाही तर घाबरू नका, वीसेक जणांचं एकत्र काढा आणि मग बघा.